झाकण मधोमधच होतं

मिलिंद,

गेल्या आठवड्यात तुझ्या घरून निघताना मी तुझी डावी चप्पल घालून आलो.

उजवी माझी, डावी तुझी. दारात पन्नासेक जोड पडले होते, जिन्यात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीने उभी होती, आतून तुझ्या नावाची बुद्धवंदना संपल्यावरची कुजबुज ऐकू येत होती आणि मला तिथून लवकरात लवकर पळायचं होतं. गेल्या दिवाळीत आपण दोघांनी घाटकोपरच्या त्या आपल्या दुकानातून एकाच जातीच्या चपला घेतल्या होत्या. काळ्या, जाड अंगठ्याच्या. तुला आठ नंबर, मला नऊ. तुझा जोड वहिनींनी अजून रॅकवरून हलवलेला नव्हता. कोणाच्या तरी धक्क्याने त्यातली एक खाली पडली असणार, माझ्या जोडाशेजारी. मी खाली न बघता पाय सरकवले आणि जिना उतरलो.

भांडुप ते मुलुंड रिक्षात डावा पाय चावत होता. मला वाटलं, युरिक ॲसिड. पन्नाशीनंतर मी प्रत्येक दुखण्याला युरिक ॲसिडच म्हणतो, तुला माहितेय. घरी दार उघडून माधवीने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली.

"एक पाय कोणाचा घेऊन आलास?" ती म्हणाली.

तू असतास तर खुर्चीवरून पडेपर्यंत हसला असतास. म्हणाला असतास, "श्री, फाटका फोटो घेऊन आलास! अर्धा जुना, अर्धा नवा. लिहून पूर्ण व्हायच्या आत वाचलंस!" आणि तेच खरं आहे. पंचवीस वर्षं ज्या घोटाळ्यापासून मशिनांना वाचवायचं काम केलं, तो मी माझ्या दोन पायांत करून दाखवला.

तुझ्या ऑफिसातली मुलं तुझ्यासाठी एक छोटी पुस्तिका काढताहेत. हे त्यात जाईल. त्यातल्या अर्ध्यांना आपला साकीनाक्याचा गाळा माहीत नाही, त्यामुळे थोडं समजावून सांगावं लागेल. तू कंटाळू नकोस. तुला मी सांगायला लागलो की तू मध्येच तोडायचास. आता ऐकून घे.

तर, साकीनाक्याला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. खाली प्रेस, शेजारी बटणं बनवणारा, त्याच्या मशिनच्या ठोक्यावर आपला चहाचा कप थरथरायचा. आपण औषधाच्या गोळ्यांच्या स्ट्रिप तपासणाऱ्या मशिनचं सॉफ्टवेअर लिहायचो. पट्ट्यावरून स्ट्रिप धावते, कॅमेरा फोटो काढतो, एखाद्या खळग्यात गोळी नसेल तर पुढे हवेचा एक फुस्कारा येतो आणि ती स्ट्रिप उडून बाजूच्या डब्यात पडते. कॅमेऱ्याचा प्रोग्राम माझा, तपासण्याचा तुझा. दोन वेगळे प्रोग्राम, कारण माझा कोसळला तरी तुझा उभा राहिला पाहिजे. माझा कोसळायचा, म्हणून ही अट तूच घातली होतीस.

फोटो मोठे. एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे उचलून नेईपर्यंत स्ट्रिप पुढे निघून जायची. म्हणून दोघांच्या मध्ये मेमरीची एक सामायिक जागा ठेवलेली. मी तिथे फोटो मांडायचा, तू तिथूनच बघायचा. नेआण नाही. खालच्या उडुप्याकडे स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये जशी खिडकी होती, तशी. आतला प्लेट ठेवणार, बाहेरचा उचलणार. आता आतला अजून सांबार ओततोय आणि बाहेरच्याने प्लेट ओढली, तर काय होणार? वाट लागणार. अर्धा जुना फोटो, अर्धा नवा; त्यालाच आपण फाटका फोटो म्हणायचो.

ती वाट लागू नये म्हणून काय करायचं, यावर आपण दोघं किती वर्षं भांडलो रे?

माझं म्हणणं साधं. कुलूप. मी मांडत असेपर्यंत खिडकी बंद, किल्ली माझ्याकडे. झालं की उघडतो, मग तू ये. तू म्हणायचास, "आणि तू किल्ली खिशात घेऊन मेलास तर? मी जन्मभर दाराबाहेर?" हे खरंच एकदा झालं होतं. माझा प्रोग्राम कुलूप लावून आतल्या आत गेला, तुझा बिचारा वाट बघत राहिला आणि पट्ट्यावरून स्ट्रिपा मजेत न तपासता निघून गेल्या. नशीब, ती ट्रायल होती.

तुझा उपाय वेगळा. कुलूप नको, आकडा ठेव. मांडायला लागलास की आकडा एकाने वाढव, मांडून झालं की पुन्हा एकाने. मी वाचायला येईन तेव्हा आधी आकडा बघेन. विषम असेल तर तुझं चाललंय, मी थांबतो. सम असेल तर वाचतो. आणि वाचून झाल्यावर पुन्हा आकडा बघतो. तोच असेल तर वाचलं ते खरं. बदलला असेल तर वाचलेलं टाकून देतो आणि पहिल्यापासून वाचतो.

"पण मी मधेच मेलो तर तुझा आकडापण विषमच राहणार ना?" मी म्हणायचो. "तूपण दाराबाहेरच!"

"हो, पण मी थांबलोय हे मला कळेल. किती वेळ थांबलोय तेपण कळेल. मग बोंब मारता येते. तुझ्या कुलपात बोंबही मारता येत नाही."

"कुलपालापण वेळ लावता येतो."

"लावलास का कधी?"

नव्हता लावला. यावर मी चहा मागवायचो आणि भांडण उद्यावर जायचं. उद्यावर गेलेलं ते भांडण अजून तिथेच आहे. मी शोधून एक नवा मुद्दा काढला होता, या महिन्यात भेटलो की टाकणार होतो. आता तो कोणाला सांगू? माधवीला सांगितला. ती म्हणाली, "बरोबर असेल तुझंच." इतक्या सहज जिंकलेलं मला सहन होत नाही.

आता झाकणाचं सांगतो. त्यासाठीच हे लिहितोय.

त्या सामायिक जागेत कुठल्या बाइटला काय आहे, याची एक फाइल होती. आपण तिला नकाशा म्हणायचो. आधी आकडा, मग स्ट्रिपचा नंबर, वेळ, थोडी राखीव मोकळी जागा आणि मग फोटो. माझा प्रोग्राम त्या नकाशावरून मांडायचा, तुझा त्याच नकाशावरून वाचायचा. नकाशा बदलला की दोन्ही प्रोग्राम नव्याने बांधायचे, दोन्ही तपासायचे, दोन्ही एकत्रच गिऱ्हाइकाकडे पाठवायचे. यात चूक होऊ नये म्हणून तू झाकण आणलंस. तुझी आई वाशिमहून जवसाची चटणी पाठवायची, त्या बरणीचं लाल झाकण. (चटणी मी संपवली होती, हे वहिनींनी वाचावं म्हणून लिहितोय.) झाकण आपल्या दोन टेबलांच्या मधोमध ठेवायचं. ज्याला नकाशाला हात लावायचाय त्याने झाकण आपल्या टेबलावर घ्यायचं. दोन्ही प्रोग्राम तपासून झाले की परत मधोमध. झाकण हातात नसेल तर नकाशाला हात नाही. सॉफ्टवेअरमध्ये आकडा मागणारा तू, माणसांसाठी मात्र कुलूपच आणलंस. मी हे बोलून दाखवल्यावर म्हणालास, "प्रोग्राम खोटं बोलत नाहीत, म्हणून."

सतरा वर्षं झाली. शनिवार होता. बाबा मुलुंडला आयसीयूत होते. गिऱ्हाइकाच्या मशिनवर पट्ट्याच्या सुरुवातीला एक नवा सेन्सर लागला होता आणि त्याने दिलेला नंबरही नोंदवायचा होता. पाच मिनिटांचं काम. मी नकाशात स्ट्रिपच्या नंबराच्या आधी हा सेन्सरचा नंबर घुसवला, राखीव जागेतून तेवढी जागा काढली, फोटोची जागा हलली नाही. माझा प्रोग्राम बांधला, पाठवून दिला आणि हॉस्पिटलला पळालो. तू त्या दिवशी लवकर गेला होतास. झाकण मधोमधच होतं. ते मला दिसलं होतं. ते दिसलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण लाल झाकण आहे ते, न दिसायला काय?

तुझा प्रोग्राम जुन्या नकाशाने वाचत राहिला. स्ट्रिपचा नंबर म्हणून त्याला मिळायचा सेन्सरचा नंबर आणि सेन्सर कॅमेऱ्याच्या एक स्ट्रिप मागे. म्हणजे गोळी नसलेली स्ट्रिप सुखरूप पुढे आणि तिच्या मागची चांगली स्ट्रिप फुस्काऱ्याने डब्यात. किती उडाल्या, किती उडायला हव्या होत्या, हिशेब अगदी बरोबर जुळत होता. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. कळलं ते पॅकिंगच्या टेबलावरच्या एका बाईंना. त्यांना हाताला खळगा रिकामा लागला, मग दुसरा. माल कंपनीच्या बाहेर गेला नव्हता. पण भरलेला प्रत्येक खोका उघडून त्या बायकांनी हाताने एकेक स्ट्रिप तपासली. कितीतरी दिवस तेच.

मीटिंग तुला आठवत असेल. नसेल तरी मला आठवते. साहेबांनी विचारलं, "चुकीचा नंबर कोणी वाचला?"

प्रश्नच तसा होता. मांडला कोणी, असं त्यांनी विचारलं नाही. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "माझ्या प्रोग्रामने वाचला, सर."

शब्दाशब्दाने खरं. मी टेबलाखाली बोटं मोडत बसलो होतो. आता बोलावं, असं वाटलं. मग वाटलं, साहेबांचं वाक्य पूर्ण होऊ दे. साहेबांचं पूर्ण झालं, मग दुसऱ्याचं सुरू झालं. मीटिंग संपली.

जिन्यात मी तुझा हात धरला. तू सोडवून घेतलास. "तुझे बाबा आत आहेत ना? एका वेळी एक गोष्ट सांभाळ. मी परत आलो की बोलू."

साडेतीन महिने तू त्या फॅक्टरीत बसलास. रोज पहिली स्ट्रिप, शेवटची स्ट्रिप स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, ही शिक्षा. तुझी मुलगी पहिलं पाऊल टाकते, हे तुला फोनवर कळलं. टीमचं प्रमुखपद तुझं ठरलेलं होतं, ते माझ्याकडे आलं. मी पेढे वाटले नाहीत, एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त. आणि बाबा बरे झाले. खडखडीत. पुढे नऊ वर्षं सगळ्या सोसायटीला छळत जगले. म्हणजे माझ्याकडची ती एकुलती एक सबबही हॉस्पिटलमधून घरी आली, तरी मी गप्पच.

परत आलास त्या दिवशी तू झाकण उचललंस आणि माझ्या टेबलावर ठेवलंस. बोलला काहीच नाहीस. मग ते तिथेच राहिलं. गाळा खाली केला तेव्हा कुठे गेलं ते मला माहीत नाही. शोधलं होतं.

गेल्या दिवाळीत चपलांच्या दुकानात मी तोंड उघडलं होतं. आठवतंय? तू स्टुलावर बसून पाय आत घालत होतास. मी म्हटलं, "मिल्या, तो नकाशा..."

"नऊ घे रे तू," तू म्हणालास. "आठ चावेल तुला."

तू ऐकलं नाहीस की ऐकून उडवून लावलंस, हे मला आता कधीच कळणार नाही. दुकानदाराने पिशवी बांधली. आपण बाहेर येऊन कुल्फी खाल्ली.

त्या दिवशी वंदनेनंतर तुझ्या ऑफिसातला तो निनाद बोलायला उभा राहिला. गुणी पोरगा आहे. म्हणाला, "सर प्रत्येक नव्या बॅचला स्वतःची सगळ्यात मोठी चूक सांगायचे. म्हणायचे, मी दुसऱ्याचा नकाशा न तपासता वाचलं, म्हणून फॅक्टरीतल्या बायकांना खोके उघडावे लागले. तेव्हापासून सामायिक जागेच्या तोंडाशी नकाशाच्या आवृत्तीचा क्रमांक लिहायचा, जुळला नाही तर वाचायचंच नाही, हा सरांचा नियम." सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी खाली बघत होत्या. मग कोणीतरी म्हणालं, "श्रीकांत, तुम्ही बोला. तुम्ही सगळ्यात जुने."

मी काय बोललो माहितेय? चटणीवर बोललो. लोक हसले. मी हात जोडले, बाहेर आलो आणि तुझी डावी चप्पल घालून पळालो.

तीन दिवसांनी ती पिशवीत घालून परत भांडुपला गेलो. वहिनींनी दार उघडलं. माझी नऊ नंबरची डावी चप्पल रॅकवर तुझ्या उजव्या चपलेशेजारी होती.

"भाऊजी, तसेच मुलुंडपर्यंत गेलात?" त्या म्हणाल्या. त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं असेन. "मिलिंद असता तर..." आणि थांबल्या.

चहा आला. कपाला हात न लावता मी सगळं सांगितलं. नकाशा, शनिवार, झाकण. वहिनी ऐकत होत्या. मला वाटलं, त्यांना माहीत असेल. तू सांगितलं असशील, निदान घरी. मनातून मला ते हवं होतं.

"गॅस चालू ठेवून तो बाहेर गेला ना," त्या म्हणाल्या, "की मी म्हणायचे, तुझं लक्षच नसतं, म्हणून तर तुला फॅक्टरीत बसवलं. दर वेळी. सतरा वर्षं, भाऊजी. मुलीसमोरसुद्धा. आणि तो म्हणायचा, हो, लक्ष नसतं माझं."

त्या माझ्याकडे वळल्या.

"तो असताना का नाही बोललात?"

"भीती वाटली, वहिनी."

"आणि आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटतेय."

त्यांनी कप उचलून आत नेले. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि आवाज शाळेतल्या बाईंचा होता. तशा त्या आहेतच. "निनादला सांगा. ती सगळी पोरं ही गोष्ट आता पुढच्या पोरांना सांगणार. मिलिंद सरांची चूक, मिलिंद सरांची चूक. ते मला नको आहे. तोंडी नको, लिहून द्या. तुमच्या नावाने."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. तेवढी अक्कल होती. तुझी डावी त्यांनी माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि उजवीशेजारी ठेवली. मी माझ्या चपला दोनदा बघून घातल्या.

तर निनाद, आणि बाकीच्यांनो, हे लिहून दिलं. नकाशा मी बदलला, झाकण न उचलता. मिलिंदच्या प्रोग्रामने मांडलेलं वाचलं. चुकीचं मांडणारा मी. क्रमांक जुळवून बघायचा त्याचा नियम पाळा, नियम उत्तम आहे. फक्त तो कोणामुळे करावा लागला, ते नीट सांगा.

आणि मिल्या, तुला काय सांगू? तू मला तेव्हा वाचवलंस याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि वाचवलंस म्हणून कधीकधी तुझा रागही येतो. तू ओरडला असतास तर एका दिवसात मोकळा झालो असतो. तू गप्प बसलास आणि मला सतरा वर्षं विषम आकड्यावर ठेवलंस. माझं मांडून पूर्ण व्हायची वाट बघत असशील कदाचित. बोंब मारता येते म्हणायचास ना? मग मारली का नाहीस? दमलो रे. तूही दमला असशील.

हे लिहून झाल्यावर मी माधवीला वाचायला दिलं. चष्मा लावून तिने शेवटपर्यंत वाचलं, मग पहिल्या पानावर परत गेली, मग पानं टेबलावर ठेवली.

"एक राहिलं," ती म्हणाली. "तो फॅक्टरीतून परत आल्यावर आपल्याकडे जेवायला आला होता. चूक त्याची, असं तूच मला सांगितलं होतंस. म्हणून मी त्याला चिडवलं. म्हटलं, मिलिंदभाऊजी, भातात खडा लागला तर नीट बघून काढा हं, नाहीतर शेजारच्याच्या ताटातलं चांगलं वांगं उडवाल. तो हसला. आणि तू मला म्हणालास, त्याला अजून एक पोळी वाढ."